दहा नंबरच्या मुंग्या

फुजैरा, १२ नोव्हेंबर २०२४

ती. कुंदाआत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. आठवड्याला एक मराठी पत्र मी ईमेलनं पाठवायचं आणि तू त्यातल्या चुका काढायच्या, असं आपलं ठरलंय. या वेळचं पत्र लवकर येतंय, कारण मला कोणावर तरी ओरडायचंय, आणि बाबांना सांगितलं की ते लगेच म्हणतात, "सोड तो जॉब."

आज एका पेशंटनं माझ्या छातीत लाथ घातली. मी मागच्या ट्रॉलीवर आदळले. एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर नाही, पण श्वास घेतला की आत सुरी फिरते.

त्याचं नाव मुश्ताक. पन्नाशीचा, मूळचा रत्नागिरीकडचा. इथे पोर्टवर जहाजांना सामान पुरवणाऱ्या कंपनीत फोरमन आहे. त्याला त्याच्या मेहुण्यानं, मुझम्मिलनं, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मारलं. कॉलर धरून त्याचं डोकं मागे गाडीच्या दारावर परत परत आपटलं. का, तर या मुश्ताकनं बायकोला चहाचा ग्लास फेकून मारला. तिची भुवई फाटली, टाके पडले. शेजारी म्हणतात, दोन-तीन महिने घरात हेच चाललं होतं. प्लेट फेकली, फोन फेकला, एकदा जिन्यात तिच्या अंगावर पडला आणि तिला खाली नेलं. झोकांड्या खात घरी यायचा. चोरून पितो हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त बायको नाही म्हणायची. बायका असंच म्हणतात ना?

आणला तेव्हा तो ओरडत होता, हात झटकायला बघत होता. डोक्याचा स्कॅन झाला, मानेचं हाड बघितलं, काही मोडलं नव्हतं. दहा नंबरच्या बेडवर घेतला. मी त्याचा मोजा काढत होते तेवढ्यात लाथ बसली. मग गार्ड आले, हातपाय बेडला बांधले, डॉक्टरांनी झोपेचं इंजेक्शन दिलं. तो हिंदी विसरून मराठीत बडबडत होता म्हणून ट्रान्सलेट करायला मला उभं केलं. त्याला हातावर किडे दिसतात. डॉक्टर म्हणाले, रोजची दारू अचानक थांबली की असंच होतं. खलास, केस क्लिअर.

खरं सांगू? बांधला तेव्हा मला बरं वाटलं. पोलिसांत माझी कंप्लेंटही गेलीय. आत्या, मी वाईट आहे का?

तुझी,
शुभ्रा


अल बर्शा, १२ नोव्हेंबर, संध्याकाळ

चि. शुभ्रा हिस,

आशीर्वाद. तू वाईट नाहीस. वाईट तो आहे. बायकोच्या डोळ्यावर ग्लास फेकणाऱ्याला बांधला, तर त्यात रडायचं काय? मी असते तर पट्टा आणखी एक भोक आवळला असता. माझं सारं आयुष्य वॉर्डांत गेलं, अर्धं मिरजेत आणि अर्धं इथे दुबईत, आणि असले शूर मी पोत्यानं पाहिलेत. बायकोसमोर वाघ असतात आणि सुई दिसली की आईला हाका मारतात. मेहुण्यानं ठोकला ते बरं केलं. कायद्याला धरून नसेल. मी रिटायर झालेय, मला कायदा विचारू नकोस.

छातीला पट्टा गुंडाळून घेऊ नकोस. दुखलं तरी खोल श्वास घे, नाहीतर कफ धरेल.

आता चुका. "तिला खाली नेलं" नव्हे. नेतात ते भाजी आणायला. "तिला घेऊन कोसळला" असं लिहायचं. बाकी पत्र बरं आहे. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा एका मराठी शब्दाला एक पट्टी हाणायची, म्हणून मी मराठी हट्टानं सांभाळलं. तुझ्या बापानं तुला "बेबी ईट, बेबी स्लीप" करत वाढवलं, त्याचं फळ मी दर आठवड्याला वाचते.

आणि एक खटकलं. "हातावर किडे दिसतात." रत्नागिरीचा माणूस दुखण्यात असं बोलणार नाही. तो नेमकं काय म्हणाला? शब्दन्‌शब्द लिही. दुभाषी म्हणून उभी राहिलीस तर त्याच्या तोंडचं दे, तुझ्या डोक्यातलं नको.

आत्या


फुजैरा, १३ नोव्हेंबर, दुपार

ती. आत्यास,

तू म्हणालीस म्हणून जसंच्या तसं लिहिते. तो म्हणाला, "सिस्टर, माझ्या हातांना मुंग्या आल्यात गो. खांद्यापासून बोटांपर्यंत नुसत्या मुंग्या. मान हलवली की पाठीतून करंट जातो. हात माझा राहिलाच नाही."

मुंग्या म्हणजे ॲन्ट्स. एवढं मराठी मला येतं, किचनमध्ये साखरेला लागतात त्या. मी डॉक्टरांना सांगितलं की हातांवर मुंग्या आल्यात म्हणतो. डॉक्टरांनी हात बघितले, काहीच नव्हतं. करंटचंही मी सांगितलं, कोणीतरी शॉक देतंय असं त्याला वाटतं. किडे मी फक्त तुझ्या पत्रात लिहिलं, सोपं म्हणून. सॉरी.

आज तो शांत आहे. ओरडणं बंद. हात तर हलवतही नाही, चांगलंच इंजेक्शन लागू पडलंय. चादर बदलताना पाय मात्र आपोआप थडथडतात. कालपासून लघवीला मागितलं नाही. पोट थोडं फुगल्यासारखं वाटतं. सुपरवायझर म्हणाली, झोपेत आहे, मागेल उठला की.

सकाळी त्याची बायको शहनाझ आली होती. अर्धा डोळा काळानिळा. मला म्हणते, "त्यांनी फेकला नाही गो, मी पुढ्यात वाकले होते, ग्लास त्यांच्या हातातून सुटला. दोन महिने झाले, शर्टाची बटणं मी लावते त्यांना. दारूचं नाव काढू नका, त्या माणसानं आयुष्यात थेंब घेतला नाही." नवऱ्याची बटणं लावते आणि त्याचाच मार खाते! मी तिला म्हटलं, तुम्ही घाबरू नका, पोलिसांना खरं सांगा. तर ती भिंतीला डोकं टेकून रडायला लागली. मला तिचा राग आला, आत्या. मग राग आल्याचा राग आला.

चार वाजता व्हिजिटिंगला मुझम्मिल येणार आहे. पोलिसांनी जबाब घेऊन त्याला तात्पुरतं सोडलंय. तिला घरी न्यायला येतो म्हणाला. बरंच आहे, कोणी तरी आहे तिला.

शुभ्रा


अल बर्शा, १३ नोव्हेंबर, दुपारी

शुभ्रा,

आशीर्वाद वगैरे काही नाही. हे वाचलंस की आधी खुर्चीवरून ऊठ.

हाताला मुंग्या येणं म्हणजे हातावर मुंग्या दिसणं नव्हे, गाढवे! मांडी घालून फार वेळ बसलं की पाय झिणझिणतो, बधिर होतो, त्याला मराठीत पायाला मुंग्या आल्या म्हणतात. टिंगलिंग! पिन्स अँड नीडल्स! तुझ्या आजीला येत होत्या, मला येतात, सगळ्या महाराष्ट्राला येतात. बधिर होत चाललेला माणूस तुला नीट सांगत होता आणि तू त्याला दारुडा आणि वेडा करून ठेवलास.

तुझं पत्र मी परत वाचलं. तूही वाच. ग्लास, प्लेट, फोन. फेकले नाहीत, निसटले. बोटांना बटण लावता येत नाही, तिथे ग्लास कसा धरेल? झोकांड्या दारूच्या नाहीत, पाय ताठरलेत. जिन्यात तो पडला, बायको खाली सापडली. मान हलवली की पाठीतून करंट जातो, हे तर पुस्तकात चौकटीत छापलेलं असतं. मानेतला मज्जारज्जू महिनोन्‌महिने दाबला जातोय त्याचा. त्यात त्या रानरेड्यानं डोकं मागे आपटलं. हाड मोडलं नाही म्हणून तुम्ही सगळे सुटकेचा निःश्वास टाकून बसलात. हाड शाबूत राहून आतली दोरी चिरडते, हे तुम्हाला कोणी शिकवलं नाही का?

आणि लाथ. मोजा काढताना तुझं बोट त्याच्या तळव्याला लागलं आणि पाय उडाला. त्यानं मारली नाही, उडाली. तू हे पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. मी वाचून पुढे गेले, कारण मला शिव्या द्यायची घाई होती. पट्टा आवळण्याचं माझं वाक्य पुसून टाक.

तो शांत झाला म्हणतेस. शांत झाला नाही, हात गेले त्याचे! पोट फुगलंय ती लघवी तुंबलीय. वरून झोपेचं औषध. श्वास बघ आधी.

पट्टे काढ. मान एका रेषेत धर, कॉलर मागव, खांद्याला धरून कोणी उचलायचं नाही. लघवीची नळी घाला. मधल्या बोटाच्या नखावर टिचकी मार, अंगठा आत वळतो का बघ. तळव्यावरून काही ओढ, पायाचा अंगठा वर जातो का बघ; तसं झालं तर मज्जारज्जू दाबलाय म्हणून समज. मग डॉक्टरकडे जा आणि मानेचा एमआरआय माग. "मला वाटतं" म्हणू नकोस. "मी भाषांतर चुकले" म्हण. या मंडळींना त्यांची चूक दाखवली की कान मिटतात, आपली सांगितली की उघडतात.

फोन करतेय तर तुझा लॉकरमध्ये वाजतोय. वॉर्डात केला तर कोणी "यस, मदाम, यस, मदाम" करून ठेवून दिला. टॅक्सी खाली आलीय. माझा नातू वेदांग दारात उभा राहून म्हणतो, "आज्जी, ही इज नॉट युअर पेशंट." त्याला म्हटलं, बाजूला हो.

तो मुझम्मिल बेडजवळ फिरकता कामा नये.

आत्या


फुजैरा, १६ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,

त्या दिवशी स्कॅनचा रिपोर्ट ऐकलास आणि लगेच परत गेलीस. तू यायच्या आधीचं तुला काही माहीत नाही, म्हणून लिहिते.

तुझं पत्र मी ब्रेकमध्ये लॉकररूममध्ये वाचलं. तशीच धावत गेले. कात्रीनं पट्टे कापले. मनगटं सोलली होती. सुपरवायझर किंचाळली, "परत कोणाला मारेल तो!" मी म्हटलं, मारू दे, मारता आलं तर मी पेढे वाटीन. नळी घातली तर पिशवी भरली, दुसरी लावावी लागली. तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि रडायला लागला. आवाज नाही, नुसतं पाणी. एवढा वेळ तो ते सोसत पडला होता, आत्या.

नखावर टिचकी मारली. अंगठा आत वळला. तळव्यावरून चावी ओढली. पायाचा अंगठा सावकाश वर गेला आणि बाकीची बोटं पंख्यासारखी पसरली. परीक्षेत मी याची आकृती काढली होती. खऱ्या पायावर पहिल्यांदा बघितलं, आणि तो पाय आम्ही बांधून ठेवला होता.

डॉक्टर म्हणाले, "पण तू ॲन्ट्स म्हणालीस." मी म्हटलं, मी चुकले, ती आमच्या भाषेतली बोलण्याची पद्धत आहे, मला माहीत नव्हती. मग ते स्वतः हातोडी घेऊन आले, गुडघ्यावर ठोकून बघितलं आणि फोनवर एमआरआय मागितला. कॉलर आणायला माणूस गेला. तेवढ्यात मुझम्मिल आला, वेळेच्या आधीच. मागे शहनाझ.

त्यानं कापलेले पट्टे बघितले. म्हणाला, "नाटकं करून सुटलास काय? माझ्या बहिणीला मारून भागलं नाही, ह्या पोरीला लाथ घालतोस?" मी मध्ये जायच्या आत त्यानं दोन्ही मुठींत शर्ट धरून मुश्ताकभाईंना वर खेचलं. डोकं मागे लटकलं. त्यांच्या तोंडातून जो आवाज आला तो मला लिहिता येत नाही. मी त्यांच्या अंगावर झेपावले, डोकं दोन्ही हातांत आणि छातीत घट्ट धरलं, ज्या बाजूला लाथ लागलीय त्याच बाजूला. त्यांच्यासाठी मारलेला ठोसा माझ्या कानावर बसला. मग मुझम्मिल ओरडला. शहनाझनं त्याच्या दंडात दात रोवले होते. रक्त आलं तरी सोडेना. तो तिला झटकतोय, ती लोंबकळतेय, तिचे टाके उसवलेत, रक्त डोळ्यात जातंय आणि दात तिथेच.

आणि दारात तू. तू त्याच्या मनगटावर तुझा स्टीलचा फ्लास्क हाणलास तेव्हा मला वाटलं हाडच गेलं. "अरे बैला, अर्धा तर मेलाय तो, उरलेला तरी सोड!" हे तू इतकं मोठ्यानं म्हणालीस की ज्यांना मराठी येत नाही ते पण मागे सरकले. गार्ड आले तर तू त्यांनाही मारायला निघाली होतीस.

पुढचं असं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. मानेच्या मागून हाड काढून आत जागा केली. पाय हलतात. लघवीचं हळूहळू सुधारेल म्हणतात. हात नाही. नुसते पडलेत. येतील की नाही ते सर्जन सांगत नाहीत, फक्त म्हणतात, बघू या. शहनाझ म्हणते, "हात नाही आले तर परमिट गेलं, घर गेलं, आणि हा माणूस दुसऱ्याच्या हातानं जेवून जगणारा नाही."

मुझम्मिल परत पोलिसांकडे आहे. मी माझी कंप्लेंट मागे घेतली. हॉस्पिटलच्या चौकशी कमिटीपुढे सांगितलं की शब्द मी चुकीचा दिला. त्यांनी निर्णय होईपर्यंत मला घरी बसवलंय आणि वॉर्डात पाय ठेवायचा नाही म्हणालेत. तू जाशील का? बाकी काही लिहू नकोस. मला हातांचं सांग.

शुभ्रा


अल बर्शा, २ डिसेंबर २०२४

चि. शुभ्रा हिस,

आशीर्वाद. मी यापूर्वी दोनदा जाऊन आले, पण सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून लिहिलं नाही. खोटा धीर द्यायला मी शिकले नाही.

आधी तुझ्या कमिटीचं. मी त्यांना भेटले. त्यांनी बोलावलं नव्हतं. म्हटलं, पोरीला एक शब्द आला नाही, तो तिनं तुम्हाला सांगितला. तुमच्यापैकी कोणी त्या माणसाच्या पोटावर हात ठेवला होता? डोकं आपटलेल्या माणसाचा गुडघा ठोकून बघायला कोणती भाषा लागते? मी नर्सिंग शाळेत पोरींना सांगायची, पेशंट बोलला नाही तरी त्याचा पाय बोलतो. त्यांनी मला कॉफी दिली. गार होती. तुझं काय करणार ते सांगितलं नाही, पण माझ्यासमोर कोणाची मान वर नव्हती.

आज राष्ट्रीय दिनाची सुटी, फुजैराच्या रस्त्यावर गाड्यांना झेंडे आणि पोरं शिट्ट्या फुंकतायत. वॉर्डात मुश्ताक खुर्चीत बसवलेला, गळ्यात कॉलर, मांडीवर उशी. उशीवर त्याचे दोन हात, कोणी विसरून गेल्यासारखे. वॉकरला दंडांनी टेकून चार पावलं चालतो. बोटं जरा थरथरतात. त्यापलीकडे काही नाही. व्यायाम घेणारी मुलगी रोज "लिफ्ट, भाई, लिफ्ट" करून थकलीय. मला म्हणाला, "बाय, पाय आले त्याचा काय उपयोग? पायानं काय मी क्रेनवाल्याला खुणा करू?"

मुझम्मिल सुटलाय. शहनाझनंच पोलिसांत सांगितलं की त्याला सोडा. घरी आणून मग तिनं त्याला सांगितलं की वॉर्डात आत यायचं नाही. गेले आठ दिवस तो रोज येतो आणि कॉरिडॉरमध्ये उभा राहतो. दंडाला अजून पट्टी आहे. माणूस धिप्पाड, पण असा उभा की सफाईवाल्या बायकासुद्धा त्याला सरकायला सांगतात. मी त्याच्याकडे बघून फ्लास्क दुसऱ्या हातात घेतला. तो दोन पावलं मागे गेला.

आज शहनाझनं त्याला आत बोलावलं. का, ते तिनं सांगितलं नाही. त्यानं घरून भात आणि माशाचं कालवण आणलं होतं. खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसला. घास केला. अर्धा भात उशीवर सांडला.

म्हणाला, "दुलाभाई, एक घास. माझ्या हातचा. मग हवं तर थुंका माझ्यावर."

मुश्ताक त्याच्याकडे बघत राहिला. ती नजर मी मेलेल्या माणसांच्या नातेवाइकांत पाहिलीय, वॉर्डातल्या पेशंटमध्ये कधी नाही. जबडा आवळलेला. कपाळावर शीर उभी राहिली. मला वाटलं, झटका येतोय, मी अर्धी उठले. तर त्याचा उजवा खांदा हलला. मग कोपर उशीवरून सुटलं. हात वर येताना इतका डुगडुगत होता की तो नक्की कुठे निघालाय ते कोणाला कळेना. व्यायामवाल्या मुलीनं तोंडावर हात ठेवला. मुझम्मिल घास धरून तसाच बसलेला, त्यानं डोळेसुद्धा मिटले नाहीत.

शुभ्रा, मुश्ताकनं हात उचलला. आणि मेहुण्याच्या गालावर मारला.

ओला पंचा दोरीवरून खाली पडावा तसा तो हात पडला. लागलं काहीच नसेल. पण मुझम्मिलच्या हातातला घास खाली पडला आणि तो हमसून रडायला लागला. "परत मारा, दुलाभाई. परत मारा ना." गाल पुढे करून बसला. मुलगी डॉक्टरला आणायला पळाली. मी पळाले नाही, मला बघायचं होतं.

मुश्ताकला दम लागला होता. हात मांडीवर उलटा पडलेला. शहनाझनं तो नीट केला नाही, उचलून दिला नाही. नुसती त्याच्या कानाशी वाकली. म्हणाली, "जोर लावा. माझी भुवई फुटली ती तुमच्यामुळं नाही म्हणून मी सगळ्यांना सांगत होते, कोणी ऐकलं नाही. हा माझा भाऊ, ह्यानंसुद्धा नाही. लावा जोर."

त्यानं डोळे मिटले. घाम नाकावरून ओठांवर आला. खांदा हलला, कोपर सुटलं.

दुसरी बसली तेव्हा आवाज आला.

आत्या